चौथऱ्यावरची विमाने आणि अमानतीचा प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ मध्ये याच चंदिगडला ही विमाने पहिल्यांदा हवाई दलात दाखल झाली होती. मधल्या बासष्ट वर्षांत भारताने या जातीची आठशेहून अधिक विमाने वापरली आणि त्यांतली बहुसंख्य आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. निरोपाच्या दिवशी वर्तमानपत्रांत भरपूर लिहून आले. १९६५, १९७१ आणि कारगिलच्या आठवणी निघाल्या, अपघातांत गेलेल्या वैमानिकांची आठवण निघाली. एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. या विमानांचे आता पुढे काय?

आजवरचा रिवाज पाहिला तर उत्तर सोपे आहे. बरीचशी भंगारात जातात, थोडी संग्रहालयांत जातात आणि काही महाविद्यालये, नगरपालिका, सैनिकी शाळा यांना स्मारक म्हणून दिली जातात. मग चौकात किंवा बागेत सिमेंटचा चौथरा उभा राहतो. त्यावर विमान बसते, संगमरवरी फलक लागतो, फीत कापली जाते, फोटो छापून येतात. फलकावर विमानाच्या नावापेक्षा उद्घाटकांची नावे मोठी असतात. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटू लागतात. पाचव्या वर्षी काचेसारखे छत पांढुरके होते. दहाव्या वर्षी टायर बसलेले असतात, इंजिनाच्या तोंडात कबुतरे असतात आणि पंखावर कुणीतरी आपल्या प्रेयसीचे नाव कोरलेले असते.

देशभर अशी विमाने आज कितीतरी ठिकाणी उभी आहेत. ती 'जतन केलेली' आहेत असे आपण समजतो. चौथऱ्यावर चढवले म्हणजे जतन झाले, ही आपली कल्पना. इतिहास शिकताना आणि शिकवताना आपण शिलालेख, सनदा, नाणी यांच्याविषयी बोलतो. ऊन-पावसात उभे असलेले विमान हाही एक दस्तऐवजच आहे. फरक एवढाच, की हा दस्तऐवज आपण छपराबाहेर ठेवला आहे.

धातू कसा हरतो

उघड्यावर ठेवलेल्या युद्धसामग्रीत विमान सगळ्यांत नाजूक. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, चिलखती दलाचे रणगाडा संग्रहालय आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन रणगाडे तिथे पाहायला मिळतात. हेच ते पॅटन, ज्यांच्यासमोर खेमकरणच्या उसाच्या शेतांत हवालदार अब्दुल हमीद जीपवर बसवलेली तोफ घेऊन उभे राहिले. रणगाड्याचे पोलाद काही इंच जाड असते. ते गंजले तर तांबूस रंग धरून सगळ्यांना दिसते, आणि खरवडून रंग दिला की रणगाडा पुन्हा उभा राहतो. विमानाची कातडी मात्र एक-दोन मिलिमीटरची. काही भागांत त्याहून पातळ.

शिवाय ही कातडी साध्या अ‍ॅल्युमिनियमची नसते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःवर एक पातळ पापुद्रा तयार करते आणि तोच त्याला वाचवतो. घरातली पातेली वर्षानुवर्षे टिकतात ती यामुळे. पण शुद्ध धातू मऊ असतो, त्याचे विमान होत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घालून एक मिश्रधातू तयार केला. तो 'ड्युरालुमिन' नावाने प्रसिद्ध झाला. हलका आणि बळकट. विमानयुग खऱ्या अर्थाने त्याच्यावर उभे राहिले. पण ज्या तांब्याने बळ दिले, त्याच तांब्याने गंजाला वाट करून दिली. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवण्याची पद्धत आली. हा थर शाबूत असेपर्यंत ठीक. रिव्हेटसाठी भोके पाडली, कडा कापल्या, कुणी खिळ्याने नाव कोरले, की आतला मिश्रधातू उघडा पडतो.

त्यात भर मिठाची. समुद्रावरच्या वाऱ्यातले क्षार त्या संरक्षक पापुद्र्याला छिद्रे पाडतात. पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये दमट पाणी साचले की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यात बळी जातो अ‍ॅल्युमिनियमचा. गंज आतल्या आत पसरला की धातूचे थर खारी बिस्किटासारखे सुटू लागतात. लोखंडाच्या गंजासारखी लाली नाही, फक्त पांढरी भुकटी, आणि तीसुद्धा बहुधा आतल्या बाजूला. चाके आणि इंजिनाचे काही भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात, ते त्याहून लवकर जातात. वरून रंगवलेले विमान बाहेरून झोकात दिसत असते आणि आतला सांगाडा पोकळ झालेला असतो.

उरलेले काम ऊन, पक्षी आणि माणसे करतात. वैमानिकाच्या डोक्यावरचे छत काचेचे नसून अ‍ॅक्रिलिकचे असते. उन्हाने त्यात बारीक तडे जाऊन ते दुधाळ होते. टायर आणि रबरी पट्ट्या तडकतात आणि त्या फटींतून पाणी आत शिरते. पक्ष्यांची घरटी ओल धरून ठेवतात आणि त्यांची विष्ठा धातू खाते. विमानाच्या पोटाला पाणी निथळून जावे म्हणून मुद्दाम ठेवलेली लहान छिद्रे असतात. रंगकाम करणाऱ्या ठेकेदाराला ती माहीत नसतात, तो जाड ऑइलपेंट फासून ती बुजवतो. पुढच्या पावसाळ्यात पोटात पाणी साचते. वरून ताडपत्री घातली तर काम आणखी बिघडते, कारण आतली ओल अडकते आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री छत घासून काढते. काळजी म्हणून केलेल्या गोष्टींनीही विमान मरते, हे यातले सगळ्यांत वाईट.

रंगाची आणखी एक गोष्ट आहे. हवाई दलाच्या किंवा नौदलाच्या प्रत्येक विमानावर त्याचा क्रमांक असतो, तुकडीचे चिन्ह असते. या क्रमांकावरून ते विमान कुठे होते, कुणी उडवले, कोणत्या मोहिमेत गेले हे शोधता येते. पालिकेच्या रंगाऱ्याने चकचकीत निळा रंग मारून क्रमांक पुसला, की ते विमान अनामिक होते. कबरीवरचा दगड पुसावा तसे.

गोव्याचा समुद्र आणि एक जुनी राणी

या सगळ्याचा विचार करायला आपल्या जवळची जागा म्हणजे गोव्यातले नौदलाचे हवाई संग्रहालय. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर ते १९९८ मध्ये सुरू झाले. गोव्याला गेलेली मराठी कुटुंबे समुद्रकिनारे पाहून परततात, इकडे थोडेच वळतात. इथे इमारतीतले दालन आहे आणि बाहेर मोकळ्या आवारात विमाने उभी आहेत. शॉर्ट सीलँड आहे. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे हे विमान १९५३ मध्ये आले आणि भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात त्याच्यापासून झाली. जगात या जातीची फार थोडी विमाने शिल्लक आहेत. 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर चालून गेलेल्या सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने आहेत. २०१६ मध्ये निवृत्त झालेल्या सी हॅरियरचाही नमुना आहे.

आणि या सगळ्यांवर मान उंच करून उभे आहे लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिने, माशासारखी वळणदार पाठ, आणि शेपटीला एकाऐवजी तीन उभे पंख. आजही पाहणारा थबकतो. जेट विमाने येण्याआधीच्या काळातले हे सर्वांत देखणे प्रवासी विमान, असे अनेक जाणकार मानतात.

या एका विमानात भारताच्या तीन संस्थांचा इतिहास आहे. एअर इंडिया इंटरनॅशनलने ८ जून १९४८ रोजी मुंबई ते लंडन ही पहिली सेवा याच घराण्यातल्या 'मलबार प्रिन्सेस' विमानाने सुरू केली. पन्नाशीच्या दशकात तिने त्याहून मोठी सुपर कॉन्स्टेलेशन घेतली. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आले आणि ही विमाने जुनी ठरली. तेव्हा त्यांतली काही हवाई दलाकडे गेली आणि समुद्रावर लांबवर टेहळणी करू लागली. १९७६ मध्ये हे काम नौदलाकडे सोपवण्यात आले, तेव्हा विमानेही नौदलाकडे आली. ऐंशीच्या दशकात ती थकली आणि त्यांची जागा पुढे रशियन तुपोलेव्हने घेतली. प्रवासी, हवाई दल, नौदल अशा तीन वर्दी अंगावर चढवलेले विमान दुसरे सहज सापडणार नाही.

दाबोळीच्या धावपट्टीशी या जातीचे आणखी एक नाते आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर बॉम्ब टाकले, तेव्हा तिथे पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने उभी होती. त्यांतले एक सुपर कॉन्स्टेलेशन होते. धावपट्टी खड्ड्यांनी भरली होती, तरी त्या रात्री दोन्ही विमाने अंधारात उडून कराचीला निसटली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. ज्या धावपट्टीवरून पोर्तुगीजांचे शेवटचे विमान पळाले, तिच्याजवळच भारताचे त्याच जातीचे विमान आज उभे आहे. शाळेच्या सहलीत मुलांना सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट कोणती?

पण ते उभे कुठे आहे पाहा. समुद्र अगदी जवळ. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कडक ऊन आणि खारा वारा. विमान टिकवायचे नसेल तर याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. नौदलाच्या लोकांनी ते इतकी वर्षे उभे ठेवले आहे, हे मान्य करायला हवे. त्यांच्याजवळ विमान जाणणारी माणसे आहेत, शिस्त आहे. पण साबण, पाणी आणि रंग यांनी गंजाचा वेग कमी होतो, थांबत नाही. एवढ्या मोठ्या विमानावर छप्पर उभे करणे खर्चाचे आहे खरे. तरी ज्या जातीची मूठभर विमाने जगात उरली, तिच्यासाठी तो खर्च फार म्हणावा का?

विक्रांत: एक धडा

खर्च पुढे ढकलला की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. सी हॉक आणि अलिझे ज्या जहाजावरून उडाली, ते 'विक्रांत' १९६१ मध्ये नौदलात आले आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. त्याचे संग्रहालय करायचे ठरले. काही वर्षे लोकांनी रांगा लावून ते पाहिलेही. पण कायमचा पैसा कोण देणार, जहाज कुठे ठेवणार, डागडुजी कुणाची, हे कधी पक्के झाले नाही. केंद्र, राज्य, नौदल, खासगी भागीदार अशी फाइल फिरत राहिली आणि तोवर जहाजाचा तळ गंजत राहिला. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते लोकांसाठी बंद झाले. २०१४ च्या लिलावात सुमारे साठ कोटींना विकले गेले आणि दारूखान्यात तोडले गेले. त्याच्या पोलादाच्या मोटारसायकली निघाल्या. त्याचा थोडा धातू घेऊन लायन गेटजवळ एक छोटे स्मारक झाले. पुढे 'विराट' चेही अलंगच्या किनाऱ्यावर तेच झाले.

विक्रांत कुणी द्वेषाने तोडले नाही. सगळ्यांनाच त्याचा अभिमान होता. अभिमान होता, पण जबाबदारी एकाची नव्हती. बेवारशी वस्तू बहुधा अशाच मरतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि सगळ्यांच्या प्रेमात.

इद्रिस लतीफ यांची विमाने

हा विषय मी या ब्लॉगवर का घेतला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या सभांतून १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला काही नावे हमखास घेतली जातात. ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. नावे घ्यायलाच हवीत. मात्र ती बहुतेक वेळा दाखल्यासारखी घेतली जातात. कुणी आपल्या निष्ठेवर बोट ठेवले की आपण हा दाखला पुढे करतो. माणूस कसा होता, त्याने काय काम केले, कोणत्या यंत्रात बसून केले, हे आपल्याही लेखी तपशिलाचे काम होऊन बसते.

लतीफ यांचा जन्म १९२३ चा, हैदराबादचा. १९४२ मध्ये ते हवाई दलात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला कराचीला वापिटी, हार्ट, ऑडॅक्स अशी दोन मजली पंखांची जुनी विमाने आली. त्यांतून अरबी समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरायचे काम होते. फाळणीच्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते. बरोबरचे मुस्लिम अधिकारी पाकिस्तानात निघाले होते आणि त्यांनाही बोलावणे होते. त्यांनी भारत निवडला. १९७८ ते १९८१ ते हवाई दलप्रमुख होते. जॅग्वार विमाने त्यांच्या काळात आली आणि ध्वनीच्या अडीचपटीहून अधिक वेगाने उडणारे मिग-२५ सुद्धा १९८१ मध्ये त्यांच्याच काळात आले. नंतर १९८२ ते १९८५ ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते. २०१८ मध्ये हैदराबादला त्यांचे निधन झाले.

ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारे वापिटी आणि मिग-२५, या दोन टोकांमध्ये एका माणसाची नोकरी बसली. वाक्यात हे वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. दोन्ही विमाने शेजारी उभी पाहिली की येते. आणि ती पाहता येतात, दिल्लीच्या पालम संग्रहालयात. तिथले वापिटी हे त्या जातीचे जगातले एकमेव शिल्लक विमान आहे. १९३३ मध्ये भारतीय हवाई दलाने पहिले उड्डाण केले ते याच जातीच्या चार विमानांनी. ते कापड ताणून केलेले विमान आहे. उघड्यावर राहिले असते तर काही पावसाळ्यांत संपले असते. छपराखाली ठेवले म्हणून आज आहे, आणि ते आहे म्हणून लतीफ यांच्या पहिल्या नोकरीची गोष्ट आपण बोट दाखवून सांगू शकतो.

उलट उदाहरणही आपल्याच यादीत आहे. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगरला शहीद झाले. त्या युद्धात पडलेले ते सर्वांत वरिष्ठ भारतीय अधिकारी. दिल्लीत जामिया मिलियाच्या कबरस्तानात त्यांना दफन केले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या कबरीची मोडतोड झालेली छायाचित्रे प्रसिद्ध झाली, मग आरडाओरड झाली आणि डागडुजीही झाली. त्याआधी दर वर्षी भाषणांत त्यांचे नाव घेतले जात होतेच. कबरीकडे पाहायला कुणी गेले नव्हते.

भंगारातून उठलेली विमाने

दुर्लक्षातून परत येता येते, याचेही दाखले आहेत, आणि त्यांतला एक भव्य दाखला भारताचाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी कानपूरच्या चकेरी तळावर बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने सोडून दिली. सोडताना पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली. १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू असताना भारताकडे मोठे बॉम्बफेकी विमान नव्हते. तेव्हा बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी हा भंगाराचा ढीग उपसला. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याची शेपटी जोडत त्यांनी ती विमाने उडण्याजोगी केली आणि ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. तिथे पूर्ण दुरुस्ती होऊन चाळीसच्या आसपास लिबरेटर हवाई दलाला मिळाली. ती १९६८ पर्यंत चालली.

तोवर जगात लिबरेटर जवळजवळ संपले होते. अमेरिकेने अठरा हजारांवर बनवले होते आणि त्यांतले बहुतेक वितळवून टाकले होते. मग लंडन, ओटावा, अ‍ॅरिझोना इथल्या संग्रहालयांनी भारताकडे मागणी केली आणि आपली विमाने तिकडे उडत गेली. आज जगात जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली बरीचशी भारतीय कामगारांच्या हातांनी वाचलेली आहेत. इंग्लंड-अमेरिकेच्या पर्यटकांना ते ठाऊक नसते. आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे!

श्रीमंत देशांनीही आधी दुर्लक्षच केले. 'मेम्फिस बेल' हे अमेरिकेचे महायुद्धातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध विमान. १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ते साडेतीनशे डॉलरना विकत घेतले आणि उघड्यावर ठेवले. पुढची चाळीस वर्षे पावसाने, उन्हाने आणि आठवणीदाखल सुटे भाग पळवणाऱ्यांनी त्याचे हाल केले. १९८७ मध्ये छप्पर मिळाले, तेही अर्धवट. शेवटी २००५ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या संग्रहालयाने ते डेटनला नेले आणि अनेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये बंदिस्त दालनात मांडले. वेळेवर छप्पर बांधले असते तर त्या मेहनतीतली किती वाचली असती! ब्रिटिश हवाई दलाच्या तळांच्या दारावर खरी स्पिटफायर विमाने उभी असत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती उतरवली आणि त्या जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती बसवल्या. दारावरची शोभा कायम राहिली आणि उतरवलेल्यांतली काही अस्सल विमाने दुरुस्त होऊन पुन्हा उडाली.

आधी दुरुस्ती, मग बाकी सगळे

आपल्याकडे अमानत हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली असणे. अमानत घेणे सक्तीचे नाही, पण घेतली तर सांभाळणे सक्तीचे. चौकातले विमान ही पुढच्या पिढीची अमानत आहे.

यासाठी आपल्या परंपरेत एक फार व्यवहारी नियम आहे आणि तो वक्फच्या कायद्यात सापडतो. हनफी फिकहनुसार वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क त्या मालमत्तेच्याच दुरुस्तीचा. वाकिफने, म्हणजे दान देणाऱ्याने, दस्तात तशी अट लिहिलेली असो वा नसो. आधी छप्पर, भिंत, विहीर नीट करायची. उरेल त्यातून गरिबांना, विद्यार्थ्यांना द्यायचे. कारण सरळ आहे. मूळ मालमत्ता पडली तर दानच संपले. आणि या कामाला मुतवल्ली म्हणून एक ठरावीक माणूस जबाबदार असतो. समिती, विभाग आणि फाइल यांच्यामागे त्याला लपता येत नाही.

आज अनेक वक्फ मालमत्तांची अवस्था पाहिली तर हा नियम आपणच सर्वांत आधी विसरलो, हे कबूल करायला हवे. पडक्या सराया, झाडे उगवलेले मकबरे आपल्याच गावांत आहेत. नियम मात्र चांगलाच आहे, आणि तो मशिदीला लागू होतो तसा विमानालाही लागू करता येईल. विमान मागणाऱ्या संस्थेने आधी दोन गोष्टी दाखवाव्यात: दर वर्षी दुरुस्तीसाठी पैसा कुठून येणार आणि मुतवल्ली कोण. या दोन्हींची उत्तरे नसतील तर विमान देऊ नये. त्यांना फायबरची प्रतिकृती द्यावी. चौकाची शोभा तिनेही भागते.

ज्यांच्याकडे विमान आधीच आहे, त्यांनाही फार मोठे काही करायला नको. भिंतींशिवाय नुसते उंच पत्र्याचे छप्पर केले तरी ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. निम्म्याहून अधिक काम तिथेच होते. किनारपट्टीवर दर काही दिवसांनी गोड्या पाण्याने धुवावे. पोटाची छिद्रे मोकळी ठेवावीत. इंजिनाच्या तोंडाला जाळी लावावी, म्हणजे पक्षी अडतील आणि हवा खेळेल. विमानाचा भार टायरवर न ठेवता लोखंडी आधारावर घ्यावा. रंग देण्याआधी सगळे क्रमांक आणि चिन्हे फोटो काढून नोंदवावीत आणि रंग अ‍ॅल्युमिनियमला धरणारा प्रायमर लावूनच द्यावा. हे ठेकेदारावर सोडू नये. प्रत्येक जिल्ह्यात हवाई दलातून किंवा नौदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ राहतात. त्यांना विचारले तर ते आनंदाने येतील.

आम्हा शिक्षकांचाही यात वाटा आहे. आपल्या गावात असे विमान असेल तर दर वर्षी पावसाळ्यानंतर आठवी-नववीच्या मुलांना तिथे न्यावे. ठरलेल्या दहा जागांवरून फोटो काढायला लावावेत आणि मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहायला सांगावे. शेपटीवरचा क्रमांक उतरवून घ्यावा, तो कोणत्या तुकडीचा हे शोधायला द्यावे. निघालेला अहवाल मराठीत, उर्दूत लिहून पालिकेला आणि कलेक्टर कचेरीला पाठवावा. विज्ञानाचा धडा होतो, इतिहासाचा होतो, अर्ज लिहिण्याचाही होतो. पाच वर्षे सलग असे फोटो साहेबांच्या टेबलावर गेले, तर 'आम्हाला कल्पना नव्हती' असे म्हणण्याची सोय उरत नाही.

मिग-२१ मागणारे अर्ज या दिवसांत लिहिले जात असतील. आपल्या शहरातून असा अर्ज जाणार असेल तर नगरसेवकाला, प्राचार्यांना एवढेच विचारा: छपराचे पैसे अंदाजपत्रकात धरले आहेत का? आणि पाच वर्षांनी त्याच्या पोटात पाणी साचले, तर कुणाच्या दारावर जायचे?